तीन भिंतींचं घर

लेक बाळंत झाली आणि मी डिंकाच्या लाडवांची तयारी काढली. खारीक, खोबरं, डिंक, खसखस, बदाम सगळं ओट्यावर मांडलं. शेजारच्या काकू मदतीला आल्या होत्या. त्यांनी गोडंबीची पुडी हातात घेतली, उलटसुलट करून किंमत वाचली आणि म्हणाल्या, "बापरे! एवढुशा पुडीला एवढे पैसे? असं काय सोनं लागलंय हिला?"

मी हसले. पण खरं सांगू? गोडंबी पाहिली की मला सोनं आठवत नाही. मला माझ्या मायचे हात आठवतात.

आमचं गाव लोणार तालुक्यातलं. घरची शेती कोरडवाहू, जेमतेम. कापूस वेचून झाला, तुरी निघाल्या की बायकांच्या हाताला काम उरायचं नाही. मग एक व्यापारी बिब्यांची पोती आणून टाकायचा. बिबा, म्हणजे ज्याला कुणी भिलावा म्हणतात, ते काळं, चकचकीत, चपटं फळ. ते फोडून आतली गोडंबी काढून द्यायची आणि किलोवर पैसे घ्यायचे. अख्खी गोडंबी वेगळी, तुकडा वेगळा. तुकड्याला पैसे कमी.

माय ओसरीच्या कोपऱ्यात दगड मांडून बसायची. हाताला गोडं तेल लावायची, वरून राख चोळायची आणि एकेक बिबा उभा धरून ठोकायची. आम्ही पोरं जवळ गेलो की ओरडायची, "दूर सरका वं, डोयात उडन!" बिबा फुटला की काळं तेल चिळकांडीसारखं उडायचं. जिथं पडेल तिथं आग, मग फोड, मग काळा डाग. हंगामात मायच्या बोटांची सालटं निघालेली असायची. भाकर थापता यायची नाही. मी चौथीत असल्यापासून भाकरी थापायला शिकले, त्याचं कारण हे बिबे.

आणि एक कबुली द्यायची आहे. त्या हातांची मला लाज वाटायची. शाळेच्या गॅदरिंगला माय आली तेव्हा मी तिला म्हटलं होतं, "हात पदराखाली घे नं." तिनं काही न बोलता घेतले. पुढं माझ्या लग्नातही ती पाहुण्यांसमोर हात पदराखालीच ठेवून उभी होती. तेव्हा मी सांगितलं नव्हतं, पण सवय तिला माझ्यामुळेच लागली होती.

पुढं मी बी.एस्सी.ला गेले. त्याच बिब्यांच्या पैशातून. वनस्पतिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला एक दिवस आम्हाला कैरी उभी कापून तिची आकृती काढायला दिली. त्या एका आकृतीनं मला माझ्या घरातली गोष्ट उलगडून दिली. आज मैत्रिणींनो, तीच तुम्हाला सांगायची आहे.

फळ म्हणजे काय?

आपण गोड ते फळ आणि फोडणीला टाकायचं ते भाजी, असा साधा हिशेब करतो. शास्त्राचा हिशेब वेगळा आहे. फुलाच्या मधोमध, तळाशी एक छोटी पिशवी असते. तिला अंडाशय म्हणतात. परागकण येऊन फलन झालं की पिशवीच्या आतल्या बीजांडांच्या बिया होतात आणि पिशवी स्वतः वाढून त्यांच्याभोवती फळ होते. बस्स, एवढंच. फळ म्हणजे फुलाचं वाढलेलं पोट.

पटत नसेल तर काकडीच्या नाहीतर दोडक्याच्या वेलाजवळ जाऊन बघा. काही फुलांच्या मागं नुसता देठ असतो, ती नर फुलं. काहींच्या मागं बोटाच्या पेराएवढी चिमुकली काकडी आधीच असते, ती मादी फुलं. फलन झालं तर ती वाढते, नाहीतर पिवळी पडून गळते. आपल्या देऊळगाव राजा भागात शेडनेटमध्ये बियाण्याची शेती होते. तिथं काम करणाऱ्या बायकांना हे कुणी शिकवायला नको. टोमॅटोच्या कळीतले पुंकेसर चिमट्यानं हलकेच काढायचे आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाणाचे पराग त्या फुलाला लावायचे, हे काम त्या दिवसभर वाकून करतात. फुलाचं फळ कसं होतं हे त्यांनी रोज आपल्या हातानं घडवलेलं असतं.

या हिशेबानं वांगं, भेंडी, मिरची, कारलं, भोपळा ही सगळी फळंच. टोमॅटोवरून तर अमेरिकेत खटला झाला होता. तिथं आयात भाजीवर कर होता, फळांवर नव्हता. व्यापारी म्हणाले, टोमॅटो फळ आहे, आमचा कर परत द्या. १८९३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, शास्त्रात ते फळ असेल, पण लोक ते जेवणात भाजीसारखं खातात, तेव्हा कर भरा! म्हणजे आपला स्वयंपाकघराचा हिशेबही अगदीच चुकीचा नाही म्हणायचा.

आंब्याच्या तीन भिंती

आता ती कैरीची आकृती. फळाच्या पिशवीची जी भिंत असते तिचे तीन थर असतात. बाहेरचा, मधला आणि आतला. आंब्याची साल म्हणजे बाहेरची भिंत. आपण चोखतो तो गर म्हणजे मधली भिंत. आणि ती टणक कोय, तिचं कवच म्हणजे आतली भिंत. कोय फोडल्यावर जो मऊ दाणा निघतो, ती खरी बी. तीन भिंतींच्या घरात बी सुरक्षित बसलेली असते. आत असं टणक कवच असलेल्या फळाला आठळीचं फळ म्हणतात. बोर तसंच.

एकदा या तीन भिंती डोळ्यांपुढं आल्या की प्रत्येक फळात आपण नेमकं काय खातो ते कळायला लागतं. मोठी गंमत आहे. नारळाच्या शेंड्या म्हणजे मधली भिंत, करवंटी म्हणजे आतली भिंत आणि खोबरं हा बीचा भाग. म्हणजे आंब्याची मधली भिंत आपण खातो आणि नारळाच्या त्याच भिंतीचे दोर वळतो. आपल्या जळगाव जामोद, संग्रामपूरकडच्या संत्र्याची फोड सोलून पाहा. आतल्या त्या रसानं भरलेल्या बारीक पिशव्या म्हणजे आतल्या भिंतीवर उगवलेले केस! रसानं फुगलेले, म्हणून गोड लागतात.

टोमॅटो, वांगं, द्राक्ष यांच्यात टणक कवच नसतं. सगळं मऊ आणि गरात बिया. हे मृदुफळ. मिरचीही त्यातलीच, फक्त आतून पोकळ. कपाशीचं बोंड हे सुकं फळ, पिकलं की फुटतं. भेंडी तिच्याच कुळातली, आपण ती कोवळी तोडतो म्हणून बरं. वाळू दिली तर तीही बोंडासारखीच तडकते. आणि आपण जन्मभर जो कापूस वेचतो, तो म्हणजे सरकीच्या सालीवरची लव. त्यातला एकेक धागा ही एकच लांबलचक पेशी असते.

भुईमुगाची शेंगही फळच. फूल वर लागतं, मग आऱ्या सुटतात, त्या जमिनीत घुसतात आणि शेंग मातीत भरते. ज्वारीचा, गव्हाचा दाणा तर अख्खं फळ आहे. त्याच्या भिंती इतक्या पातळ की बीच्या सालीला चिकटूनच गेलेल्या. पिठातला कोंडा आपण चाळून टाकतो, त्यात त्या भिंती असतात. वर्गात मी हे शिकवलं तेव्हा एक मुलगी चटकन म्हणाली, "मॅडम, मग उपासाला भाकरी चालेल, फलाहार म्हणून!" मी म्हटलं, "शास्त्राला चालेल, तुझ्या आजीला विचार."

सीताफळाचे डोळे

काही फळं एकट्यानं होत नाहीत. अजिंठ्याच्या डोंगररांगेतली सीताफळं पावसाळा सरताना बुलढाण्याच्या बाजारात येतात. सीताफळाच्या एकाच फुलात पुष्कळ छोटी छोटी अंडाशयं असतात. प्रत्येकाचा एक डोळा होतो, त्यात एक बी आणि तिच्याभोवतीचा गर. सगळे एकमेकांना चिकटून एक फळ बनतं. याला घोसफळ म्हणतात. सीताफळ एका बाजूनं खुरटलेलं, वाकडं दिसतं ना? त्या बाजूच्या अंडाशयांपर्यंत पराग पोचलेच नाहीत, असा त्याचा अर्थ असतो.

फणसात मात्र एका फुलाचं काम नाही, पुष्कळ फुलं मिळून एक फळ होतं. उंबराचंही तसंच. उंबराचं फूल कुणाला दिसत नाही असं आपण म्हणतो, कारण त्याची फुलं फळाच्या पोटातच असतात. कच्चं उंबर फोडून भिंगातून पाहिलं तर शेकडो दिसतील.

आणि काही फळं चक्क फसवतात. सफरचंदाचा जो गर आपण खातो तो अंडाशयाचा नसतोच, अंडाशयाभोवतीचा फुलाचा भाग फुगून तो होतो. खरं फळ म्हणजे मधला टाकून दिलेला कडक गाभा. काजूचं तर विचारूच नका. कोकणात, गोव्यात जे लाल-पिवळं रसाळ बोंड मिळतं, तो फुगलेला देठ. खरं फळ म्हणजे त्याच्या टोकाला लोंबणारी ती राखाडी बी.

एका वाटीतलं घराणं

आता त्या प्रॅक्टिकलच्या दिवसाकडे वळते. आकृती झाल्यावर सरांनी फळ्यावर आंब्याच्या कुळातल्या झाडांची नावं लिहिली. आंबा, काजू, पिस्ता, चारोळी. मी मनात म्हटलं, ही तर आम्रखंडाची वाटी झाली! खरंच, सणाच्या दिवशी आपण आम्रखंड करतो, वरून काजू-पिस्त्याचे काप आणि चारोळी टाकतो, तेव्हा एका वाटीत एकच घराणं जमवत असतो. फक्त आंब्याचा गर खातो आणि बाकीच्यांची बी.

सरांनी शेवटचं नाव लिहिलं, बिबा. मी पेन खाली ठेवलं.

बिबा हा आंब्याच्या नात्यातला. घराची बांधणी तीच. बाहेरची भिंत काळी, चकचकीत. आतली भिंत टणक. आत बी, म्हणजे आपली गोडंबी. झाडावर या काळ्या फळाला लागून केशरी-पिवळा मांसल भाग असतो, तो काजूच्या बोंडासारखाच, आणि पिकल्यावर खातातही. फरक आहे तो मधल्या भिंतीत. आंब्यानं तिथं गोड गर साठवला आणि बिब्यानं त्याच जागी जाळणारं तेल. काजूच्या टरफलातही असंच तेल असतं. आणि आंबाही काही अगदी साधा नाही हं. कैरी तोडताना देठाचा चीक ओठाला लागला तर तोंड उततं, ते या घराण्याच्या गुणामुळेच.

त्या तेलाचा डाग कपड्यावरून धुऊन जात नाही. म्हणून पूर्वी परीट कपड्यांवर खुणा करायला बिबा वापरत. इंग्रजीत त्याचं नावच खुणेची बी असं पडलं. कपड्यावरून न निघणारा डाग मायच्या हातावरून कसा निघणार होता?

सुट्टीला घरी गेले. मायपुढं वही उघडून आकृती दाखवली. म्हटलं, "माय, हे पाय. तेल ह्या मधल्या भिंतीत असते." माय वहीकडं बघून हसली. म्हणाली, "हे सांगाले कालेजात जा लागते का? तेल टरफलात असते, बीत नसते. आमाले कवाचं ठाऊक हाये. म्हणून त उभा धरून ठोकतो, की बीले तेल लागू नाई."

मी गप्प झाले. पुस्तकात जे नाव लावून लिहिलं होतं ते तिच्या बोटांना आधीच माहीत होतं. मग तिनंच विचारलं, "पन मले हे सांग, देवानं हे जहर तिथं ठेवलंच कशाले?"

याचं उत्तर मला येत होतं. मी सांगितलं, बी म्हणजे पुढचं झाड. कुणी जनावरानं, किड्यानं ती फोडून खाऊ नये म्हणून तिच्याभोवती हा पहारा आहे. बाहेरचं गोड बोंड खा आणि बी टाकून दे, असं ते झाड सांगतं. आंबा गर देऊन बी लांब पोचवतो, बिबा बोंड देतो आणि बीला मात्र हात लावू देत नाही.

माय थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आन आमी तेच बी काढतो, किलोवर."

त्या दिवशी मी पहिल्यांदा तिचे हात हातात घेऊन नीट पाहिले. त्या डागांना रोग म्हणणारे, ती शिवलेलं खायला कचरणारे लोक मी पाहिले होते. मीही त्यातलीच एक होते. तो रोग नव्हता. दुसऱ्यांच्या घरच्या बाळंतिणीच्या लाडवांसाठी केलेल्या कामाची ती खूण होती. अजूनही विदर्भ-मराठवाड्यात कितीतरी बायका हे काम करतात. हातमोजे, चष्मा, दाबयंत्र यांतलं काहीही सगळ्यांकडे असतंच असं नाही. गोडंबीचा भाव विचारताना हे एकदा मनात आणा, एवढंच माझं म्हणणं.

बाळाच्या पोटाला बिबा?

लाडू झाले, लेक घरी आली. बाळ रात्री रडायचं, पाय पोटाशी घ्यायचं. पाहुण्यांतल्या एक आजीबाई म्हणाल्या, "अहो, पोट फुगलंय. बिब्याचे दोन ठिपके द्या बेंबीभोवती, लगेच उतार पडेल. आमच्या सगळ्या लेकरांना दिलेत." लेक माझ्याकडं बघायला लागली. मी शास्त्र सांगायला तोंड उघडलं, पण मोठ्या माणसाला उलट कसं बोलावं म्हणून अडखळले.

माय भिंतीला टेकून बसली होती. आता तिचं वय झालंय, कानाला कमी येतं, पण हे बरोबर ऐकू आलं. ती उठून पुढं आली, दोन्ही हात पदराबाहेर काढले आणि त्या आजींच्या पुढ्यात धरले. म्हणाली, "बाई, हे आधी पाहा. राख आन तेल लावून बी हे असं झालं. मंग सांगा, त्या कवळ्या कातडीले लावू का?"

आजीबाई काही बोलल्या नाहीत. आम्ही बाळाला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, काळजीचं काही नाही म्हणाले, दूध पाजल्यावर ढेकर काढायची पद्धत लेकीला दाखवली. दोन-चार दिवसांत बाळ शांत झोपायला लागलं.

मायनं त्या दिवशी हात पुन्हा पदराखाली घेतले नाहीत. बाळाला मांडीवर घेऊन त्याच हातांनी थोपटत बसली होती.

एवढं जरूर लक्षात ठेवा

• बाळाच्या किंवा कुणाच्याही अंगावर बिब्याचे ठिपके, चटके देऊ नका. फोड येतात, जखम चिघळते, डाग राहतो. आयुर्वेदात बिबा शुद्ध करून औषधात वापरतात, पण ते जाणकार वैद्याचं काम आहे, घरी करून पाहायचं नाही.

• बिब्याचं तेल अंगावर उडालं तर लगेच साबण आणि भरपूर पाण्यानं धुवा. तोच हात डोळ्यांना, चेहऱ्याला लावू नका. सूज, फोड आले किंवा डोळ्यात गेलं तर थेट डॉक्टरांकडे जा.

• बिब्याची टरफलं चुलीत जाळू नका. धूरही बाधतो.

• गोडंबी पांढरी, स्वच्छ बघून घ्या. काळे, तेलकट डाग असलेली नको. काजू किंवा पिस्ता ज्यांना बाधतो त्यांनी गोडंबी टाळावी.

• सीताफळाचा गर खा, पण बियांपासून सावध राहा. उवांसाठी बियांची पूड डोक्याला लावायची जुनी सवय आहे. ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते, भयंकर आग होते आणि नजर अंधुक होते. उवांसाठी औषधाच्या दुकानात सुरक्षित औषध मिळतं.

• मुलांना फळ देताना एकदा उभं आणि एकदा आडवं कापून दाखवा. साल कुठली, गर कुठला, बी कुठली, विचारा. सुरीपलीकडे खर्च काही नाही आणि पुस्तकातला धडा ताटात उतरतो.